स्कोपची क्लिक खरी किती? बॅलिस्टिक अ‍ॅपवर विसंबण्याआधी करायची मोजणी

बॅलिस्टिक अ‍ॅपने सांगितलं २०० मीटरला ८.३ मिल (मिल हे कोनाचं एकक). टरेट, म्हणजे स्कोपवरची नेम वर-खाली करणारी फिरकी, क्लिक (खटके) मोजून ८.३ वर आणला, श्वास सोडला, ट्रिगर दाबला आणि गोळी चार बोटं खाली लागली. यानंतर जवळजवळ प्रत्येक नवा नेमबाज एकच करतो: अ‍ॅप उघडतो आणि गोळीचा वेग थोडा कमी करतो. मग आकडा जुळतो आणि तो निर्धास्त होतो. पण इथे एक प्रश्न विचारायचा राहून गेला. टरेटवर ८.३ दिसत होतं हे खरं, पण स्कोप आतून खरोखर ८.३ मिल हलला होता का?

बॅलिस्टिक सॉफ्टवेअर कोन सांगतं. तो कोन बंदुकीवर उतरवतो तो स्कोप. मधल्या या यंत्राची तपासणी कुणी केलेली नसते. भोसरी-चाकणच्या कुठल्याही चांगल्या कारखान्यात कॅलिब्रेशनची तारीख उलटलेला व्हर्निअर कुणी हातात धरत नाही. स्कोपचा टरेट हेही मोजमापाचंच साधन आहे, आणि त्याला तोच नियम लावायला हवा. म्हणून या लेखातला क्रम ठरलेला आहे: आधी क्लिक, मग वेग, आणि बॅलिस्टिक कोइफिशंट (गोळी हवेचा रोध किती सहज कापते तो आकडा) सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की एका चुकीवर दुसऱ्या चुकीचं ठिगळ लागतं.

लेख पॉइंट टू टू (०.२२ इंच कॅलिबरची) रायफल आणि स्कोप लावलेली एअर रायफल वापरणाऱ्यांसाठी आहे. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल स्पर्धांत दुर्बिणीचा स्कोप चालत नाही, तिथे डायॉप्टर साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायची साइट, असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं तेही डायॉप्टरवरच. पण डायॉप्टरलाही क्लिक असतात, त्यामुळे कागदावरच्या मोजणीचा भाग त्या नेमबाजांनाही जसाच्या तसा उपयोगी पडेल.

कायदा आणि सुरक्षितता

पॉइंट टू टू रायफलला शस्त्र परवाना लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंत कॅलिबर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्याचा अर्थ ती गच्चीवरून किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालवावी असा मुळीच नाही. गोळीबाराचा भाग फक्त रेंजवर, रेंज ऑफिसरच्या देखरेखीत. बालेवाडीला असाल किंवा दुसऱ्या एखाद्या क्लबच्या रेंजवर, आपण नेहमीच्या टार्गेटऐवजी उंच कागद लावणार आहोत हे आधी सांगून परवानगी घ्या. इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या लेनवर हे जमणार नाही, कागदी टार्गेटची लेन मागा.

आधी एककं नीट करून घ्या

सगळ्यात स्वस्तात सुधारता येणारी चूक इथेच असते.

१ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी. त्यामुळे ०.१ मिलची एक क्लिक १०० मीटरवर १ सेंमी आणि ५० मीटरवर ५ मिमी हलवते. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. म्हणजे एका क्लिकने नेम त्या वर्तुळाच्या जवळजवळ अर्ध्या रुंदीइतका सरकतो. ज्यांना ०.१ मिलची क्लिक फार बारीक वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावं.

१ एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २९.०९ मिमी. पाव एमओएची क्लिक १०० मीटरवर ७.२७ मिमी आणि ५० मीटरवर ३.६४ मिमी. आता मेख अशी की काही उत्पादक टरेटवर एमओए लिहितात आणि आत स्क्रू बनवतात १०० यार्डांना बरोबर एक इंच या हिशेबाने. तो इंचाचा हिशेब १०० मीटरवर २७.७८ मिमी होतो, खरा एमओए २९.०९. फरक ४.७ टक्के. २० एमओए फिरवले तर जवळजवळ एक संपूर्ण एमओए कुठे गेला ते कळणारच नाही. बहुतेक अ‍ॅपमध्ये ही दोन्ही एककं वेगवेगळी निवडता येतात. आपला टरेट यातला कोणता, हे माहितीपत्रकावरून ठरवू नका. खालची मोजणी ते आपोआप सांगते.

पहिली मोजणी: बंदुकीशिवाय

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी, कारण यात गोळी नाही, ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा झुबका) नाही, आपला श्वास नाही. फक्त स्कोप आणि पट्टी.

सामान साधंच लागतं. पुण्यात बोहरी आळीतून गवंड्याचा ओळंबा आणि पोलादी टेप घ्या. एक मीटरची पट्टी लागेल. अप्पा बळवंत चौकात मोठ्या आकाराचा ग्राफ पेपर मिळतो, तो पुठ्ठ्यावर चिकटवूनही चालतं. शिवाय एक जड व्हाइस हवा, आणि स्कोपची रिंग बसेल असा रेलचा तुकडा.

पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघांवर जाऊ नका, त्या दिसणार नाहीत. माणसाचा डोळा साधारण एक मिनिट कोनाइतकं सुटं पाहू शकतो. १० पटीच्या स्कोपमधून ५० मीटरवर त्याचा हिशेब दीड मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि तोही हवा शांत असेल तर. म्हणून पट्टीवर दर १० मिमीला काळ्या मार्करने जाड खूण करा, दर ५० मिमीला लांब खूण आणि मोठा आकडा. खुणा करताना प्रत्येक वेळी शून्यापासूनच मोजा. आधीच्या खुणेपासून पुढची खूण असं करत गेलं तर चूक साचत जाते.

अंतर मोजा. लेनवर ५० मीटर लिहिलेलं असतं, पण ते फायरिंग लाइनपासूनचं असतं. आपला स्कोप टेबलावर कुठे आहे त्यावर मीटरभराचा फरक सहज पडतो, आणि ५० मीटरवर एक मीटर म्हणजे थेट २ टक्के. आपण जी चूक शोधतोय ती तेवढीच असते! स्कोपच्या पुढच्या भिंगापासून पट्टीपर्यंत टेप ताणून मोजा. दहा सेंटीमीटरच्या आत आलं तर चूक ०.२ टक्क्यांवर येते आणि ती चालते. स्वस्तातला लेझर रेंजफाइंडर एका मीटरच्या पायऱ्यांनी वाचतो, तो या कामाचा नाही.

ही मोजणी सकाळी लवकर करा. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर जमिनीवरून उठणारी गरम हवा स्कोपमध्ये पट्टी पाण्याखाली असल्यासारखी हलवते. मग पाच मिमीचं वाचन म्हणजे निव्वळ अंदाज.

आता क्रम.

स्कोप रेलवर बसवा, रेल व्हाइसमध्ये घट्ट आवळा, आणि व्हाइस जमिनीशी पक्कं असलेल्या टेबलावर. पट्टीशेजारी ओळंबा सोडा. वारा असेल तर वजन पाण्याच्या बादलीत बुडतं ठेवा, दोरी लगेच स्थिरावते. स्कोपमधून बघत रेटिकलची (आत दिसणाऱ्या नेमाच्या फुलीची) उभी रेघ दोरीशी जुळेपर्यंत स्कोप रिंगमध्ये फिरवा आणि मगच स्क्रू आवळा. आवळताना स्कोप हमखास थोडा वळतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा बघा. आवळण्याचा जोर निर्मात्याने दिलेल्या आकड्याइतकाच, टॉर्क रेंचने. अंदाजपंचे आवळलेल्या रिंग एक तर स्कोप सरकू देतात, नाहीतर नळी दाबून आतली हालचाल अडवतात.

पॅरलॅक्स (डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकताना दिसण्याचा दोष) ५० मीटरवर जुळवा. आकड्यावर नाही, डोळ्यावर: डोकं किंचित वर-खाली हलवा, रेटिकल पट्टीवर सरकता कामा नये. ज्या स्कोपला पॅरलॅक्सची सोयच नाही आणि जो कारखान्यातून १०० यार्डांवर जुळवलेला आहे, त्यात ४० मिमीच्या भिंगाला ५० मीटरवर डोळा काठाशी गेल्यास सुमारे ९ मिमीपर्यंत चूक येऊ शकते. म्हणजे ०.१ मिलच्या दोन क्लिकांच्या जवळपास. अशा स्कोपवर डोळा मधोमध ठेवण्यासाठी आयपीसला (डोळ्याजवळच्या भिंगाला) मध्ये छोटं भोक असलेलं पुठ्ठ्याचं झाकण लावा.

टरेट प्रवासाच्या साधारण मध्यावर आणा आणि रेटिकलचा मध्य पट्टीच्या शून्यावर. शून्य वरच्या टोकाला ठेवा, कारण टरेट 'अप'ला फिरवला की रेटिकल पट्टीवर खाली उतरताना दिसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण बरोबर आहे: रेटिकल खाली गेलं म्हणूनच नेम धरताना बॅरल वर उचललं जातं.

सुरुवात करण्याआधी टरेट दोन मिल खाली नेऊन पुन्हा वर शून्यावर आणा. आतल्या स्क्रूला थोडी ढिलाई असते, आणि एकाच दिशेने येऊन थांबलं की ती प्रत्येक वाचनात सारखी राहते. मग २, ४, ६, ८, १० मिल, आणि प्रत्येक टप्प्यावर वाचन लिहा. ५० मीटरवर हे आकडे १००, २००, ३००, ४०० आणि ५०० मिमी यायला हवेत. शेवटी परत शून्यावर. तिथे रेटिकल मूळ खुणेवर आलं नाही तर दोनच शक्यता: व्हाइस हलला, किंवा स्कोप शून्यावर परतत नाही. हाच प्रकार पुन्हा करून बघितला की कोणती ते कळतं. हात टरेटवर असताना वाचन घेऊ नका, बोटाच्या वजनानेही चित्र हलतं.

समजा १० मिलवर ५०० ऐवजी ४८७ मिमी आले. मग खरी हालचाल ९.७४ मिल आणि गुणक ०.९७४. आता लेखाच्या सुरुवातीच्या आकड्याकडे या. अ‍ॅपने ८.३ मागितले, या स्कोपने ८.३ गुणिले ०.९७४, म्हणजे ८.०८ दिले. तूट ०.२२ मिल. २०० मीटरवर सव्वाचार सेंटीमीटर. 'चार बोटं खाली'चं मोठं कारण सापडलं, आणि त्यात वेगाचा काही संबंध नव्हता. या स्कोपवर टरेट ८.३ भागिले ०.९७४, म्हणजे ८.५ वर न्यायला हवा.

पाचही वाचनं एकाच प्रमाणात कमी असतील तर चिंता नाही, असा स्कोप मी आनंदाने वापरीन. एक आकडा अ‍ॅपमध्ये भरला की काम झालं. पण २ ते ६ मिलपर्यंत बरोबर आणि ८ नंतर तुटत गेलेला स्कोप, किंवा दर वेळी शून्याला वेगळ्याच जागी परतणारा स्कोप, यांना कुठलंही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही. तो दुरुस्तीला द्यायचा. टोकाजवळची तूट मात्र बऱ्याचदा स्प्रिंग शेवटापर्यंत दबल्यामुळे असते. तिथे उतार असलेला रेल लावून काम मधल्या भागात आणलं की प्रश्न सुटतो.

याच बैठकीत दोन गोष्टी उरकून घ्या. आडवा टरेट असाच तपासा, तो उभ्यासारखाच असेल असं नाही. आणि रेटिकलवरच्या खुणा पट्टीवर मोजा. सेकंड फोकल प्लेनच्या (ज्यात झूम बदलली तरी रेटिकल तेवढंच दिसतं अशा) स्कोपमध्ये त्या एकाच ठरावीक झूमवर खऱ्या असतात. ती झूम रिंगवर छापलेल्या आकड्यापासून थोडी पुढे-मागे निघाली तर रिंगवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या.

दुसरी मोजणी: गोळ्यांनी

व्हाइसमधला स्कोप बरोबर निघाला तरी बंदुकीवर बसल्यावर धक्क्यांनी काय होतं ते गोळीच सांगते. स्प्रिंगवाल्या एअर रायफलचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी बसतो. चांगले महागडे स्कोप त्याने निकामी होतात, कारण ते फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात. स्प्रिंग गनवर एअरगनसाठी बनवलेलाच स्कोप आणि स्टॉप पिन असलेला माउंट, यात काटकसर नको.

कागद उंच लावा. खाली नेम धरण्याचा ठिपका, त्यातून वर ओळंब्याने आखलेली उभी रेघ. ५० मीटरवर १० मिल म्हणजे गोळ्या ठिपक्याच्या अर्धा मीटर वर लागणार. बोर्ड आणि त्यामागचा बंध (गोळ्या अडवणारा भराव) तेवढे उंच आहेत का, हे रेंज ऑफिसरला दाखवून घ्या. नसतील तर ५ मिलवर थांबा. चौकटीवर किंवा बॅफलवर (गोळी रेंजबाहेर जाऊ नये म्हणून लावलेल्या आडोशावर) गोळी जाण्याची शक्यता असताना चाचणी करायची नाही.

नेम कायम खालच्याच ठिपक्यावर. शून्यावर १० गोळ्या, मग टरेट १० मिल वर नेऊन १० गोळ्या. दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर मोजा. मध्य नजरेने ठरवू नका, प्रत्येक छिद्राची उंची मोजून सरासरी काढा.

दहाच गोळ्या का? समजा तुमच्या गोळ्या उभ्या दिशेत सरासरीभोवती ४ मिमीच्या प्रमाण विचलनाने पसरतात. १० गोळ्यांच्या मध्याची अनिश्चितता १.३ मिमीच्या आसपास, दोन ग्रुपमधल्या अंतराची १.८ मिमी. ५०० मिमीवर हे ०.४ टक्क्यांपेक्षा कमी. छान. तेच कुणी ५ गोळ्या मारून फक्त १ मिल हलवलं, तर ५० मिमीवर अनिश्चितता अडीच मिमी, म्हणजे ५ टक्के. त्या कागदावरून स्कोप चांगला की वाईट हे कुणालाही सांगता येणार नाही. इंटरनेटवर लोक स्कोपविषयी जे ठामपणे सांगतात त्यातलं बरंचसं अशा कागदांवर उभं असतं. प्रवास मोठा ठेवा, गोळ्या जास्त मारा.

लोकप्रिय 'बॉक्स टेस्ट'लाही, म्हणजे वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असा चौकोन मारून मूळ जागी यायच्या चाचणीलाही, हीच मर्यादा आहे. शून्यावर परतणं आणि दोन टरेटचा एकमेकांवरचा परिणाम बघायला ती उत्तम. क्लिकची खरी किंमत काढायला नाही.

वरच्या ग्रुपचा मध्य उभ्या रेघेपासून बाजूला गेला असेल तर रेटिकल तिरकं आहे किंवा बंदूक तिरकी धरली गेली. ३ अंशांचा तिरकेपणा १० मिलच्या प्रवासात नेम अर्धा मिल बाजूला नेतो. ५० मीटरवर २६ मिमी. असा नेमबाज वाऱ्याला दोष देत राहतो, कारण अंतर वाढेल तशी चूक वाढते, अगदी वाऱ्यासारखी.

आता सॉफ्टवेअर

अ‍ॅप कोणतं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझ्या मते तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. जेबीएमचा वेबवरचा कॅल्क्युलेटर, अप्लाइड बॅलिस्टिक्स, यातलं कुठलंही घ्या. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा रोध यांचं गणित सगळीकडे मूलतः तेच. दोन अ‍ॅपमध्ये एकच माहिती भरून बघा. पॉइंट टू टूच्या अंतरांवर उत्तरात ०.१ मिलहून जास्त फरक आला तर बहुधा कुठेतरी एकक, दाब किंवा ड्रॅग मॉडेल (हवेच्या रोधाचं गणिती कोष्टक) वेगळं निवडलं गेलंय. आणि स्कोपचा गुणक भरताना अ‍ॅप गुणतं की भागतं हे सोप्या आकड्याने तपासा: ०.९७४ भरल्यावर उत्तर वाढलं पाहिजे. कमी झालं तर उलटा आकडा, १.०२७, भरायचा.

स्कोपची उंची, म्हणजे बॅरलच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतचं अंतर, व्हर्निअरने काढा. स्कोपची नळी २५.४, ३० किंवा ३४ मिमीची असते, तिचा अर्धा भाग, बोल्टच्या व्यासाचा अर्धा भाग आणि मधली फट यांची बेरीज. एअर रायफलवर १० ते २० मीटरच्या आत हा आकडा फार बोलतो.

वेग क्रोनोग्राफने, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने, मोजा. गोळ्यांच्या खोक्यावर छापलेला वेग दुसऱ्या कुणाच्या तरी बॅरलमधला असतो. इनडोअर रेंजवर दिव्यांच्या लुकलुकण्याने प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ भलते आकडे देतो, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. उघड्यावर, सावलीत, दहा गोळ्यांची सरासरी. क्रोनोग्राफ बॅरलच्या तोंडापासून किती दूर ठेवला तेही अ‍ॅपला सांगा. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी पारा १० अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी ४० च्या आसपास. दोन्ही ऋतूंत वेग वेगळा मोजून नोंदवही करा.

हवेच्या दाबाकडे पुणेकरांनी खास लक्ष द्यावं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथला प्रत्यक्ष दाब ९४८ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, पावसाळ्यात आणखी थोडा कमी. पण मोबाइलवरचं हवामान अ‍ॅप १००५-१०१० दाखवतं. तो आकडा खोटा नाही. हवामानशास्त्रात सगळ्या गावांचे दाब समुद्रसपाटीवर आणून सांगण्याची पद्धत आहे, म्हणजे नकाशावर तुलना करता येते. शिवाजीनगरचं हवामान कार्यालय, जे १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, तेही सार्वजनिक नकाशात असंच देतं. बॅलिस्टिक अ‍ॅपला मात्र गोळी ज्या हवेतून जाणार तिचाच दाब हवा असतो. १०१० भरलं तर अ‍ॅप पुण्याची हवा सहा-साडेसहा टक्के जास्त दाट समजतं. उलट, प्रत्यक्ष दाब ९४८ भरून शिवाय उंची ५६० मीटरही भरली आणि अ‍ॅपचं बटण 'समुद्रसपाटीचा दाब'वर राहिलं, तर उंची दोनदा वजा होते. ज्या फोनमध्ये बॅरोमीटर आहे त्याचं थेट वाचन घ्या आणि बटण 'प्रत्यक्ष दाब'वर ठेवा.

किती फरक पडतो? पॉइंट टू टूला १०० मीटरवर काही मिलिमीटर, तो ग्रुपमध्ये हरवून जाईल. २०० मीटरवर दोन-तीन सेंटीमीटर, तो दिसतो. आर्द्रतेची काळजी या अंतरांवर करू नका, मधलीच काहीतरी किंमत भरा आणि पुढे चला.

ड्रॅग मॉडेल: पॉइंट टू टूच्या गोल नाकाच्या शिशाच्या गोळीला जी१ चालतं, अ‍ॅपमध्ये आरए४ असेल तर तेही करून बघा, ते रिमफायरच्या गोळीसाठीच आहे. जी७ बोट टेल (मागे निमुळत्या) गोळ्यांचं आहे, इथे नको. जी१ वर या गोळ्यांचा कोइफिशंट साधारण ०.१२ ते ०.१४ असतो. अ‍ॅप जुळवताना हा आकडा ०.०९ किंवा ०.१८ वर गेला तर समजा की दुसरी एखादी चूक त्याच्या आड बसली आहे.

जुळवणी, आणि खोटा वेग कसा पकडायचा

५० मीटरला झिरो केलेली (त्या अंतरावर नेम आणि गोळी एकत्र येतील अशी जुळवलेली) साध्या वेगाची, म्हणजे सेकंदाला ३२५-३३० मीटरची, पॉइंट टू टू १०० मीटरला साधारण दोन-सव्वादोन मिल आणि २०० मीटरला आठ-साडेआठ मिल मागते. अडीच टक्क्यांची क्लिकची चूक १०० मीटरवर अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपासच दिसते. म्हणूनच १०० मीटरपर्यंत 'माझं अ‍ॅप एकदम बरोबर आहे' असं सगळ्यांनाच वाटतं. जुळवणी करायची तर जिथे परवानगीने मिळेल त्या सगळ्यात लांब अंतरावर करा.

वेग बदलून आकडा जुळवण्यातला धोका नीट समजून घ्या. वरच्या उदाहरणातली ०.२२ मिलची तूट लपवायला वेग सेकंदाला चारेक मीटरच कमी करावा लागतो. ३२८ चे ३२४. इतका बदल कुणालाही खटकत नाही. शिवाय क्लिकची चूक आणि वेगाची चूक दोन्ही गोळीच्या घसरणीबरोबर जवळजवळ सारख्याच वाढत जातात, त्यामुळे ही लबाडी बाकीच्या अंतरांवरही बऱ्यापैकी जुळते. उघडी पडते ती तीन ठिकाणी. टरेट न फिरवता रेटिकलवर नेम धरला की, कारण रेटिकलच्या खुणांना स्क्रूची चूक नसते, आणि आता गोळी वर लागते. तोच स्कोप दुसऱ्या बंदुकीवर चढवला की. आणि क्रोनोग्राफ समोर ठेवला की.

यातली पहिली खूण लगेच वापरता येते. एकाच अंतरावर एक ग्रुप टरेट फिरवून मारा, दुसरा तोच आकडा रेटिकलवर धरून. दोन्ही एका जागी पडले तर टरेट आणि रेटिकल एकमेकांशी प्रामाणिक आहेत. वेगळे पडले तर अ‍ॅपला हात लावू नका, पट्टी आणि व्हाइसकडे परत जा.

गुणक भरला, वेग मोजलेला भरला, दाब खरा भरला, तरीही लांबच्या अंतरावर फरक उरला, तर आता कोइफिशंट थोडा हलवा. थोडाच. उरलेला फरक एका क्लिकपेक्षा कमी असेल तर काहीच हलवू नका, कारण टरेटला त्याहून बारीक उत्तर देताच येत नाही.

नोंदवहीत स्कोपसाठी एक पान वेगळं ठेवा: तारीख, अंतर, पाचही वाचनं, उभा गुणक, आडवा गुणक, शून्यावर परतताना आलेला फरक. रिंग काढून पुन्हा लावल्या, स्कोप पडला किंवा लांबच्या प्रवासातून आला, की व्हाइसवरची मोजणी पुन्हा करा. क्लिकचा गुणक सहसा बदलत नाही, शून्यावरचं परतणं बदलतं, आणि बिघडू लागलेला स्कोप सर्वांत आधी तिथेच कळतो.